प्रश्न तुमचे: रोपांसाठी रद्दीच्या कुंड्या

प्रश्न: वर्तमानपत्राची कुंडी करते, पण माती भरली की तळ उघडतो. गोंद लावू का?

उत्तर: गोंद नको, खळ तर नकोच. पिठाची खळ ओली राहिली की तिच्यावर बुरशी धरते. तळ उघडतो तो घडी अपुरी पडल्यामुळे. कागद दुहेरी घ्या आणि ४० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद पट्टी कापा. ५ ते ६ सेंमी व्यासाच्या सरळ डब्याभोवती ती सैलसर गुंडाळा. घट्ट बसली तर डबा निघत नाही. तळाकडे ५ सेंमी कागद बाहेर राहू द्या. जिथे पट्टीचं टोक संपतं तिथून पहिली घडी घाला, उरलेल्या तीन बाजू एकावर एक आत दुमडा, पाण्याचं बोट फिरवा आणि डबा टेबलावर जोरात दाबा. डबा काढला की साधारण १० सेंमी उंचीची कुंडी हाती येते. माती भरल्यावर तिच्याच वजनाने घड्या दबून राहतात. कुंड्या काठ असलेल्या ट्रेमध्ये एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे ओल्या झाल्या तरी कलंडणार नाहीत.

प्रश्न: कुंडीच्या बाहेरून पांढरी बुरशी आली आहे. रोपं फेकून द्यावीत का?

उत्तर: फेकू नका. ही बुरशी सहसा कागदावर जगते, रोपावर नाही. मात्र पाणी जास्त होतंय, हे ती सांगते. त्याच ओलीत रोपकूज येते: देठ मातीलगत बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. ते मात्र वाचत नाही. वरून पाणी घालणं थांबवा. ट्रेमध्ये सेंटिमीटरभर पाणी ओता आणि १५-२० मिनिटांनी उरलेलं काढून टाका. पुढचं पाणी मातीचा वरचा थर फिकट दिसू लागल्यावरच.

प्रश्न: काकडीची रोपं कुंडीसकट लावली. महिन्याने उपटून पाहिलं, तर कागद जसाच्या तसा आणि मुळं आतच!

उत्तर: ही तक्रार नेहमीची आहे, आणि बहुतेक वेळा कारण कुंडीच्या काठात असतं. काठ जमिनीवर उघडा राहिला की कंदिलाच्या वातीसारखा ओल वर खेचतो आणि ती हवेत उडून जाते. आतली माती कोरडी पडते, कागद वाळून कडक होतो. वाळलेला कागद कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या जीवाणूंना आणि बुरश्यांना ओल लागते. मुळंही कोरड्या भिंतीत घुसत नाहीत.

म्हणून लावण्याआधी कुंडी पूर्ण भिजवा. वरचा काठ मातीच्या पातळीपर्यंत फाडून टाका, तळाची घडी उलगडा, बाजूला एक-दोन उभ्या चिरा द्या. नंतरचे आठ-दहा दिवस भोवतालची माती सुकू देऊ नका. काकडी-भोपळ्याला मुळं दुखावलेली खपत नाहीत, त्यामुळे कागद सोलून काढायच्या भानगडीत पडू नका. लावायला उशीरही नको: या वेलींना तीन आठवडे पुरे. टोमॅटो-मिरचीला जास्त दिवस लागतात, त्यांच्यासाठी कागद तिहेरी घ्या.

प्रश्न: लगद्याच्या कुंड्या जास्त चांगल्या का?

उत्तर: मजबूत, पण आमच्या मते रोपांसाठी गरजेपेक्षा जाड. करायच्याच असतील तर कागदाचे तुकडे रात्रभर भिजवून वाटा, पाणी पिळून काढा आणि वाटीच्या आत पातळ कापड घालून त्यावर ५ मिमी थर दाबा. तळाला भोक ठेवा. सुकताना कागदाचे तंतू आपोआप एकमेकांना धरतात. पूर्ण वाळायला उन्हात दोन-तीन दिवस लागतात. आतून ओली राहिलेली कुंडी भरताना फाटते. आणखी एक अडचण: कागद कुजताना जीवाणू भोवतालचं नत्र वापरतात. खालची पानं पिवळी पडू लागली, तर पातळ केलेलं द्रवखत द्या.

प्रश्न: कोणता कागद चालत नाही?

उत्तर: गुळगुळीत चकचकीत पानं, प्लास्टिकचा थर असलेले कप आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या. पावत्यांवर रसायनाचा लेप असतो, कपांचा थर मातीत कुजत नाही. साधं वर्तमानपत्र, खाकी कागद, अंड्यांचे ट्रे खुशाल वापरा.