पुस्तक आणि पेला : ॲनची बाटली, करवंदाचा पाक

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरातल्या सात जणी, वय तिशी ते पंचावन्न. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो आणि कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या, आमच्या लहानपणी वाचायच्या राहून गेलेल्या कादंबऱ्या वाचतो. मे महिन्यात ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ आहे. पुस्तकाला साजेसं कॉकटेल करायचं ठरलंय. शोधलं तर सगळी निळी-गुलाबी, फक्त नावापुरती पुस्तकाची. आमच्यातल्या दोघी अजिबात घेत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ही कादंबरी निवडलीत ना, मग पेय बाहेर शोधायलाच नको. ते पुस्तकातच आहे.

एल. एम. माँटगोमेरी या कॅनडातल्या लेखिकेची ही कादंबरी १९०८ची. अनाथ ॲन आपल्या जिवाभावाच्या डायनाला चहाला बोलावते. तिला सांभाळणारी मरिला बाहेर जाताना सांगून जाते, की कपाटात दुसऱ्या फळीवर रासबेरी कॉर्डियलची, म्हणजे सरबताची, अर्धी बाटली आहे. ॲनला दुसऱ्या फळीवर काही दिसत नाही. वरच्या फळीवर, अगदी मागे, लाल रंगाची एक बाटली सापडते. ॲनचं पोट सफरचंदांनी भरलेलं, म्हणून ती स्वतः घेत नाही. डायना तीन ग्लास पिते आणि झोकांड्या खात घरी जाते. ती बाटली मरिलाच्या घरगुती करंट वाइनची असते. डायनाची आई दोघींची मैत्रीच तोडून टाकते.

आपण नाशिककर वाइन म्हटलं की द्राक्षच धरतो. त्यात करंट म्हणजे बेदाण्यासारखी सुकी द्राक्षं, हेही डोक्यात असतं. पण मरिलाची वाइन द्राक्षाची नाही. करंट ही झुडपाला घोसाने लागणारी, बारीक, आंबट बेरी. आपल्याकडे तिच्या जवळचं काय, असं मला विचाराल तर करवंद. तसंच झुडपावरचं, तसंच आंबटगोड, आणि पाक केला की रंग थेट वाइनचा. मे महिन्यात पेठ-हरसूलकडच्या बायका करवंदं घेऊन शहरात येतात, तेव्हा तुमचा मुहूर्त अगदी बरोबर साधलाय. (फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर तुती सांगितली असती.)

अर्धा किलो पिकलेली करवंदं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, चीक सुटतो. मग पाव किलो साखर आणि वाटीभर पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. मिक्सरला अजिबात लावू नका. बिया भरडल्या की पाक कडवट होतो आणि मग कितीही साखर घाला, तो कडवटपणा जात नाही. पळीच्या पाठीने गाळणीवर दाबून गर उतरवा, गार झाला की दोन लिंबं पिळा. या एकाच पाकाची दोन पेयं होतात. तीस मिली पाक, वर सोडा आणि बर्फ, हे डायनाला मिळायला हवं होतं ते सरबत. तीस मिली पाक, नव्वद मिली नाशिकची कुठलीही हलकी रेड किंवा रोझे (गुलाबी) वाइन, तेवढाच सोडा, हे तिला चुकून मिळालं ते. वाइन महागाची नको, करवंदापुढे तिचे बारकावे टिकत नाहीत. तेरा वर्षं मी वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये उभं राहून लोकांना चव समजावून सांगितली आहे, तेव्हा एवढं माझं ऐका.

आता जे सांगायचंच आहे ते. ही दोन पेयं दिसायला सारखी असतात. दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडला माझ्याच घरी हेच पुस्तक वाचत होतो. मी दोन सारखे जग भरले आणि सारख्याच ग्लासांत ओतले. कुठला जग कुठला, हे मला माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे असं मी धरून चालले. माझी एक मैत्रीण आयुष्यात कधी घेत नाही, त्या दिवशी ती पंचवटीहून स्कूटरवर आली होती. वाचन रंगलं होतं. मध्येच ती हळूच म्हणाली, “आज पाक जरा उतरल्यासारखा लागतोय का गं?” तिचा ग्लास अर्ध्याच्या खाली गेला होता. मी चव घेतली आणि माझे हातपाय गार पडले. ती रागावली नाही. ग्लास खाली ठेवला, पदराने ओठ पुसले आणि मुलाला फोन लावला. स्कूटर रात्रभर आमच्या पार्किंगमध्ये राहिली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. शेवटी मी तिच्या घरी जाऊन बसले, तेव्हा ती म्हणाली, “मला न विचारता माझ्या पोटात काहीतरी गेलं, एवढंच मनात राहिलंय.”

तेव्हापासून माझ्या घरी वाइन पडलेलं काहीही फक्त दांडीच्या काचेच्या ग्लासात आणि सरबत फक्त स्टीलच्या पेल्यात. स्टीलच्या पेल्यात कधीही, कुणासाठीही वाइन नाही. तुमच्या दोघींसाठी हे आधी करा, पाक नंतर. घरात कॉलेजची मुलं असतील तर हेही लक्षात असू द्या, की महाराष्ट्रात वाइन-बिअरसाठी वयाची अट २१ आहे आणि जिन-रमसाठी २५.

पुढच्या महिन्यांसाठी थोडं. आधी पुस्तकात लोक काय पितात ते शोधा. सापडलं नाही तर पुस्तकातला ऋतू शोधा. मुखपृष्ठाचा रंग शेवटी. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घेतलीत तर मी कैरीचं पन्हं करीन, तीस मिली जिन आणि वर सैंधव घालून. नववीचं वर्ष संपत आल्याची चव माझ्या जिभेवर तीच आहे. ‘चौघीजणी’ घेतलीत तर मात्र दारू नकोच. शान्ता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या लुइझा मे अल्कॉटच्या त्या कादंबरीत चौघी बहिणींतल्या थोरल्या मेगच्या लग्नात पाहुण्यांना पाणी, लेमनेड आणि कॉफी एवढंच मिळतं आणि मेग शेजारच्या लॉरीकडून वाइन न पिण्याचं वचन घेते. त्या पानाशेजारी वाइनचा ग्लास ठेवणं मला जमणार नाही. पण धाकटी ॲमी शाळेत मुरवलेली लिंबं नेते, मास्तर ती तिला खिडकीबाहेर फेकायला लावतात आणि वर छड्या मारतात. तेव्हा लिंबाच्या जुन्या, काळ्या पडलेल्या गोड लोणच्याची एक फोड ग्लासात ठेचा आणि वर गार सोडा ओता. आमच्याकडे लोक कॉकटेल सोडून हेच मागतात.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. साने गुरुजींनी ज्या गावच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्याच गावात मुलांच्या पुस्तकांशेजारी दारूचे पेले मांडायला आपण शिकवता. हे शोभतं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : सर, नमस्कार. आपलं पत्र मी दोनदा वाचलं. फेब्रुवारी १९३३मध्ये, इथल्या तुरुंगात, पाच दिवसांत गुरुजींनी ते पुस्तक लिहिलं. शहरातून जाताना ते मनात येतं, आपल्यासारखंच माझ्याही.

मुलांसमोर मी दारू मांडत नाही आणि मांडायला सांगतही नाही. या बैठका मोठ्या माणसांच्या आहेत. पोरवयात घाईने वाचलेलं किंवा वाचायचंच राहून गेलेलं पुस्तक ती चाळिशीत पुन्हा हातात घेतात. त्यांच्या संध्याकाळी एक पेला असेल तर त्यात मला वावगं वाटत नाही. तरी आपलं म्हणणं एका बाबतीत पूर्ण खरं आहे. काही पुस्तकांशेजारी पेला ठेवायचाच नसतो. ‘श्यामची आई’ आम्ही वाचली तेव्हा पेय काहीच नव्हतं. ‘अळणी भाजी’ हे प्रकरण मोठ्याने वाचलं. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील एक अक्षर न बोलता ती खातात. आम्हीही त्या दिवशी बिनमिठाची पालेभाजी आणि भाकरी केली होती. तेरा माणसं जेवली, मीठ कुणी मागितलं नाही. आपण पुढच्या वेळी या, आपल्याला ते प्रकरण वाचायला देईन.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा होतोय. मित्रांसोबत ‘पुस्तकांचा वाढदिवस’ हवाय त्याला. मॉकटेल सुचवाल?
– एक आई, सिडको

उत्तर : दोन पुरेत. एक ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली ‘मला पी’ अशी चिठ्ठी बांधलेली बाटली. तिची चव चेरी टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट यांच्या मिश्रणासारखी असते. टर्की सोडून द्या. एक लिटर दुधात तीन चमचे कस्टर्ड पावडर घालून पातळ शिजवा आणि चार चमचे साखर जाळून त्यात विरघळवा. अननस मात्र कच्चा घालू नका, दूध फाटतं आणि कडू होतं. साखर घालून दहा मिनिटं शिजवला, पूर्ण गार केला, की काही होत नाही. छोट्या बाटल्यांत भरा, चिठ्ठ्या मुलांनाच लिहू द्या. ॲलिस पिण्याआधी बाटलीवर ‘विष’ लिहिलंय का ते बघते, तेवढा परिच्छेद वाचून मगच बुचं उघडा.

दुसरं, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणि गोटी सोडा. आतल्या गॅसच्या दाबाने गोटी बाटलीच्या तोंडातल्या रबरी कड्याला घट्ट चिकटून असते, अंगठ्याने दाबली की आत पडते. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. गोटी पडताना येणारा आवाज फेण्याच्या ‘ट्टॉक’च्या फार जवळचा आहे. पुस्तकात ‘ट्टॉक’ आला की एकाने गोटी दाबून बाटली उघडायची, असं ठरवा. बारा मुलांना बारा बाटल्या घ्या आणि वर दोन जास्त, पहिल्या एकदोन पोरांच्या अंगावरच जातात. मोकळ्या बाटल्या सोडावाल्याला परत करायच्या असतात, तेव्हा क्रेटही त्याच्याकडूनच मागून आणा.