मावशींना काम सांगताना
नाइटला वॉर्डात तू एकटीच नर्स असलीस, तर सगळं स्वतः करायला जाऊ नकोस. स्पंजिंग (ओल्या कापडानं अंग पुसणं), सॅम्पल लॅबला नेणं मावशी-मामांना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसांना सांग. पण नेमकं सांग: "मावशी, ७ नंबरच्या आजींची दर २ तासांनी कूस बदला, पाठ लाल दिसली तर लगेच मला बोलवा." नुसतं "आजींकडे बघा" म्हटलंस, तर काय बघायचं हे त्यांना कळणार कसं? इंजेक्शन, औषधं मात्र कितीही घाई असली तरी तुझ्याच हातून. रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं तूच पेशंटजवळ थांब. पॅरालिसिसच्या पेशंटला गिळता येतंय का, हे तपासल्याशिवाय भरवायला सांगू नकोस. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सांगितलेलं काम झालं का, ते जाऊन बघ. चार्टवर सही तुझी असते. आणि मावशींवर सगळ्यांसमोर ओरडू नकोस. पेशंट जेवत नाहीये, हे बऱ्याचदा त्यांनाच आधी कळतं.