मेंदूच्या वेगवान सूक्ष्मचित्रणात डीप लर्निंग नक्की काय करतं?

मुख्य अडचण प्रकाशाची. चेतापेशीचा विद्युत स्पंद जेमतेम १-२ मिलिसेकंद टिकतो, म्हणून सेकंदाला ५०० ते १,००० फ्रेम लागतात. मग प्रत्येक फ्रेमला फोटॉन (प्रकाशकण) मोजकेच मिळतात आणि चित्र खरखरीत येतं. लेझर वाढवला तर ऊती तापते, चेतापेशी चमकवणारं रंगद्रव्य विझतं. डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं संगणकी नेटवर्क, हीच खरखर (नॉइज) काढतं.

गंमत म्हणजे नेटवर्कला शिकवायला स्वच्छ चित्र लागत नाही. २०२१ च्या डीपइंटरपोलेशन या पद्धतीत आजूबाजूच्या फ्रेम देऊन मधली ओळखायला लावतात. नॉइज दर फ्रेमला वेगळा, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येत नाही; उरतो तो सिग्नल.

पेशीतल्या कॅल्शियमच्या बदलातून मिळणाऱ्या संथ सिग्नलला हे छान चालतं. व्होल्टेज इमेजिंगमध्ये (पेशीचा विद्युत बदल थेट टिपताना) मात्र स्पंद एखाद्याच फ्रेमपुरता असतो, तो पुसला जाऊ शकतो. त्यामुळे मूळ डेटा जपून ठेवा आणि स्पंद त्याच्याशी ताडून बघा.