शेजारचे बिशप आजोबा गेले: कधी भेटायला जायचं, काय न्यायचं, काय बोलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युटात राहता, समोरच्या घरातले आजोबा मंगळवारी गेले. ते 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या चर्चचे. आधी बिशप (स्थानिक मंडळीचे प्रमुख) होते, पुढे स्टेक प्रेसिडेंट (अशा अनेक मंडळ्यांचे प्रमुख). शुक्रवारी संध्याकाळी व्ह्यूइंग (अंत्यदर्शन) आहे, शनिवारी फ्युनरल. आजींशी तुमचा घरोबा आहे, पण कधी जायचं, काय न्यायचं, मुलांना न्यावं का आणि काय बोलावं हे कळत नाहीये. शिवाय त्या घरात कुणी रडताना दिसलं नाही, उलट हसण्याचे आवाज येत होते, याने तुम्ही गोंधळलात. आधी या शेवटच्या गोष्टीबद्दल लिहितो. ती कळली की बाकीचं आपोआप सुचेल.

या लोकांची श्रद्धा अशी की मृत्यूनंतर आत्मा आत्म्यांच्या जगात जातो, पुढे पुनरुत्थान होतं आणि आत्म्याला शरीर परत मिळतं. टेम्पलमध्ये, म्हणजे खास विधींच्या त्यांच्या मंदिरात, झालेलं लग्न 'सीलिंग' असतं, म्हणजे ते मरणाने सुटत नाही. नवरा-बायको आणि मुलं पुढेही एकमेकांचीच राहतात. त्यामुळे आजींच्या दृष्टीने आजोबा पुढे गेलेत, संपलेले नाहीत. हसणं यातून येतं. पण यावरून त्यांना दुःख नाही असं समजू नका. त्यांच्याच 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या धर्मग्रंथात, ४२व्या प्रकरणात, गेलेल्यांसाठी रडावं अशी सरळ आज्ञा आहे. चर्चचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांच्या पत्नी मार्जोरी ६ एप्रिल २००४ रोजी वारल्या, लग्नाला जवळजवळ ६७ वर्षं झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अधिवेशनात हिंक्ली यांनी जाहीरपणे सांगितलं की हे एकटेपण वाढतच जातं, जीव कुरतडतं, आणि तरीही रात्रीच्या शांततेत सगळं ठीक असल्याची कुजबुज ऐकू येते. प्रेषित मानल्या गेलेल्या माणसाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. आजींचंही तसंच असणार. त्यांची श्रद्धा पाहून 'मग रडायचं कशाला' असं चुकूनही म्हणू नका, आणि त्या शांत दिसल्या म्हणून लगेच उठूनही येऊ नका.

आता पुढारी गेल्यावर घराचं काय होतं ते. इथे बिशपला पगार नसतो. दिवसा नोकरी किंवा धंदा, आणि संध्याकाळी नि रविवारी वॉर्ड, म्हणजे काहीशे माणसांची स्थानिक मंडळी. साधारण पाच वर्षांनी बिशप मोकळा होतो. स्टेक म्हणजे अशा पाच ते बारा वॉर्डांचा गट, त्याचा प्रेसिडेंट नऊ-दहा वर्षं ते काम करतो. मोकळा झाल्यावरही लोक त्याला 'बिशप' किंवा 'प्रेसिडेंट' म्हणूनच हाक मारतात. म्हणजे आजींनी कितीतरी वर्षं नवरा गावाला वाटून दिला होता, आणि आता त्याचं दुःखही गावाला वाटून द्यावं लागतंय. व्ह्यूइंगच्या रांगेत अनोळखी माणसं येऊन ढसाढसा रडतील, आणि का ते घरच्यांनाही ठाऊक नसेल. बिशपकडे लोक कबुली द्यायला, मोडत आलेला संसार सांगायला, भाड्याच्या पैशांसाठी मदत मागायला येतात, आणि ते सारं तो घरी सांगत नाही. अशा रडणाऱ्याला 'तुमची ओळख कशी?' असं विचारू नका. आजींसमोर तर नकोच.

म्हणूनच तुमच्यासारख्या बाहेरच्या शेजाऱ्याचं तिथे जाणं मोलाचं आहे. वॉर्डातल्या शंभर जणांचा बिशप गेला, पण आजींचा नवरा गेलाय, मुलांचे बाबा गेलेत. तुम्ही त्यांना शेजारचे आजोबा म्हणून ओळखत होता, तेव्हा त्याच नात्याने बोला. 'त्यांनी आमच्या अंगणातला बर्फ आम्ही न सांगता काढला होता' हे एक वाक्य दहा उपदेशांपेक्षा जास्त पोचतं.

व्ह्यूइंग म्हणजे अंत्यदर्शन, साधारण संध्याकाळी सहा ते आठ. शवपेटी उघडी असते, शेजारी कुटुंब ओळीने उभं असतं. दाराशी वहीत नाव लिहायचं. नुसतं नाव लिहू नका, 'समोरचं घर' असं पुढे जोडा, कारण ही वही घरचे नंतर वाचतात. लाडक्या पुढाऱ्यासाठी रांग तासभरही लागू शकते, लहान मुलं असतील तर सुरुवातीलाच जा. प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलून पुढे सरकायचं. सर्वांत मोठी चूक इथेच होते: आपण आजींचा हात धरून दहा मिनिटं बोलत राहतो, आणि ऐंशीच्या बाई आधीच दोन तास उभ्या असतात. निवांत बोलायचं ते नंतर घरी.

आजोबांच्या अंगावर टेम्पलचे पांढरे कपडे असतील, कमरेला हिरवं वस्त्रही दिसेल. ते त्यांच्या पवित्र विधींचे कपडे आहेत. अर्थ विचारू नका, टक लावून पाहू नका, फोटो तर काढूच नका. पुष्कळदा मुलगे किंवा जावई स्वतः वडिलांना ते घालतात. आपल्याकडे शेवटची अंघोळ घालतात, त्यातला जिव्हाळा तुम्हाला सांगायला नकोच. शवपेटीपुढे क्षणभर थांबून हात जोडले तरी चालतं. पायांना हात लावणं, हळदकुंकू, उदबत्ती, दिवा यांतलं काही नको. त्यांच्या चॅपलमध्ये (प्रार्थनेच्या सभागृहात) मेणबत्त्याही लावत नाहीत. फुलं पाठवायची तर क्रॉसच्या आकाराची पुष्परचना घेऊ नका, सांत्वनाचं कार्डही क्रॉस नसलेलं निवडा. हे लोक क्रॉस हे चिन्ह वापरत नाहीत, आणि फुलवाला मात्र 'ख्रिश्चन फ्युनरल' ऐकलं की हटकून क्रॉस देतो. मृत्युवार्तेत फुलांऐवजी मिशनरी फंडाला देणगी द्या असं लिहिलं असेल तर तेच करा. बिशपला किंवा चर्चला दक्षिणेसारखं पाकीट मात्र देऊ नका.

शनिवारी फ्युनरलच्या आधीही बहुधा तासभर व्ह्यूइंग असेल. चर्चच्या नियमाप्रमाणे ते सेवेच्या, म्हणजे मुख्य प्रार्थनासभेच्या, किमान २० मिनिटं आधी संपतं. मग फक्त कुटुंबाची प्रार्थना होते, पेटी बंद होते. हा त्यांचा सर्वांत खासगी क्षण आहे. त्या वेळी तुम्ही त्या खोलीत नसावं, चॅपलमध्ये जाऊन बसावं. म्हणून ११ची सेवा असेल तर पावणेअकराला धावत येऊन 'शेवटचं बघू द्या' म्हणायची वेळ आणू नका. पुढचे बाक कुटुंबासाठी राखलेले असतात. पेटी आणि कुटुंब आत येताना सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा.

सेवा वेळेवर सुरू होते आणि साधारण दीड तासात आटोपते. आत्ताचे बिशप ती चालवतात. स्तोत्र, प्रार्थना, जीवनपट, एक-दोन भाषणं, नातवंडांचं गाणं असा क्रम असतो. भाषणांचा अर्धा भाग आजोबांबद्दल नसून येशू ख्रिस्त आणि पुनरुत्थानाबद्दल असेल. ते आजोबांना विसरलेत असं वाटून घेऊ नका, त्यांच्याकडे सेवेचा हेतूच तो असतो. टाळ्या वाजवायच्या नाहीत, गाणं कितीही सुंदर झालं तरी. प्रार्थनेला मान खाली घालून बसलं की पुरे, 'आमेन' म्हणणं तुमच्या मनावर. मुलांना अवश्य न्या. इथे लहान मुलांना मृत्यूपासून दूर ठेवत नाहीत, बाकांवर बाळं रडत असतात आणि कुणी मागे वळून पाहत नाही. मुलांना एवढं आधी सांगा की पेटीत आजोबा झोपलेले दिसतील पण उठणार नाहीत.

कपडे रविवारी चर्चला घालतात तसे. पुरुषांना पांढरा शर्ट, टाय आणि जमल्यास कोट, बायकांना गुडघ्याखाली येणारा ड्रेस किंवा साधी साडी, सलवार-कमीज. काळंच हवं असं नाही.

दफनभूमीत सहा जण पेटी धरतात, बहुतेक वेळा नातू. आजोबा सैन्यात होते का ते पाहा. असतील तर झेंड्याची घडी करून आजींना देतात, त्या वेळी उभं राहून शांत राहायचं. मग मेल्किसेदेक याजकत्व (चर्चमधल्या प्रौढ पुरुषांना मिळणारा वरचा धार्मिक अधिकार) असलेला एखादा मुलगा किंवा नातेवाईक कबर अर्पण करण्याची प्रार्थना करतो: ही जागा पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत पवित्र आणि सुरक्षित राहो, कुटुंबाला धीर मिळो. ही पाठ केलेली नसते, म्हणून मुलाचा आवाज इथेच फुटतो. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं या दोन-तीन मिनिटांत बाहेर येतं. तेव्हा नजर खाली ठेवा. बहुतेक वेळा पेटी सर्वांसमोर खाली सोडत नाहीत, त्यामुळे मूठभर माती टाकायला थांबू नका. दहनाला बंदी नाही. पूर्वी चर्च दफनालाच प्राधान्य देत असे, आता निर्णय कुटुंबावर सोपवतं. 'तुम्ही जाळत का नाही' ही चर्चा त्या दिवशी नको.

मग वॉर्डातल्या हॉलमध्ये जेवण. ते रिलीफ सोसायटी करते. ही त्यांची बायकांची संस्था, १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधल्या नॉव्हू इथे सुरू झालेली. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात पोचवतात, तेच काम इथे नोंदवही ठेवून होतं. तुम्हाला काही करून द्यायचं असेल तर परस्पर नेऊ नका, रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षांना फोन करून किती माणसांचं आणि किती वाजता ते विचारा. शाकाहारी असाल तर जपून वाढून घ्या: हॅम असतंच, रंगीत जेलोमध्ये जिलेटिन असतं, आणि प्रसिद्ध 'फ्युनरल पोटॅटोज'मध्ये चिकनचं सूप असतं.

हेच बटाटे शाकाहारी करून न्या, सगळ्यांना चालतील. साधारण बारा जणांसाठी: किसलेले फ्रोझन बटाटे ८५० ग्रॅम, क्रीम ऑफ मशरूम सूपचा एक डबा (सुमारे ३०० ग्रॅम), सावर क्रीम २ कप, किसलेलं चेडर २ कप, वितळलेलं लोणी अर्धा कप, मीठ-मिरपूड. ९ बाय १३ इंचांच्या ट्रेमध्ये पसरा, वर २ कप चुरडलेले कॉर्नफ्लेक्स ३ चमचे लोण्यात घोळवून घाला, ३५० अंश फॅरनहाइटला ४५ मिनिटं. दोन चुका नेहमी होतात. बटाटे गोठलेलेच वापरले तर पाणी सुटतं आणि सावर क्रीम फाटल्यासारखं होतं, म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये सुटे होऊ द्या. आणि कॉर्नफ्लेक्स आदल्या दिवशीच घातले तर ते मऊ पडतात, भट्टीत सरकवताना घाला. ट्रे ॲल्युमिनियमचा, परत न करायचा घ्या. वर चिठ्ठी लावा: शाकाहारी, दूध आहे, नट्स नाहीत.

आजींना घरी चहा नेऊ नका, कॉफीही नाही. १८३३ पासून त्यांच्या आहारनियमांत दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य आहे. आपला आल्याचा चहासुद्धा त्यात येतो, नुसतं आलं-लिंबू-मधाचं गरम पाणी चालतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचा उपास करतात, त्या दिवशी दुपारी डबा पाठवू नका. सोमवारची संध्याकाळ पुष्कळ घरं कुटुंबासाठी राखून ठेवतात, तेव्हा विचारल्याशिवाय बेल वाजवू नका.

बोलताना 'मॉर्मन' हा शब्द टाळलेला बरा. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला, आणि पुष्कळांनी तो मनापासून पाळलाय. 'तुमचं चर्च' म्हटलं तरी भागतं.

एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. चर्चमध्ये जागा फार दिवस रिकामी राहत नाही. हिंक्ली २७ जानेवारी २००८ ला गेले, २ फेब्रुवारीला अंत्यविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी थॉमस मॉन्सन अध्यक्ष झाले. मॉन्सन यांचा अंत्यविधी १२ जानेवारी २०१८ ला, आणि १४ला नेल्सन. स्थानिक पातळीवरही तसंच, आजोबांच्या जागी कधीच दुसरे आलेत. दोन-तीन आठवड्यांत डबे थांबतील, नातवंडं परत जातील. माझ्या मते तुमची खरी गरज तेव्हा आहे. सहाव्या आठवड्यात जा. आजींना आजोबांबद्दल विचारा, बिशपबद्दल नको: कुठे भेटलात, ते काय खायचे, कशावर चिडायचे. त्या 'आम्ही पुन्हा भेटूच' म्हणतील, तेव्हा हो म्हणा आणि पुढचं ऐकत राहा. तुमचा पुनर्जन्म आणि त्यांचं पुनरुत्थान यांची तुलना करायला दुसरा दिवस आहे.

कबरीवरचा दगड यायला काही महिने जातात. त्यावर बहुधा त्यांचं लग्न झालं त्या टेम्पलचं चित्र असेल, मागे मुलांची नावं, आणि आजींचं नाव जन्मतारखेसह आधीच कोरलेलं. ते पाहून दचकू नका, आजींना त्यातच आधार वाटतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, युटातली घरंच्या घरं कबरींवर फुलं ठेवायला जातात. पहिल्या वर्षी मुलं बाहेरगावी असतील तर आदल्या आठवड्यात आजींना विचारा, गाडीने घेऊन जाऊ का. जाताना पाण्याची बाटली आणि एक मऊ ब्रश बरोबर घ्या, दगडावर धूळ आणि गवताचे तुकडे चिकटलेले असतात.