वाचक विचारतात : रिटर्न फुकट, पासवर्ड आपलाच

प्रश्न : मुलगा इंदुरात घरोघरी पार्सल पोहोचवतो. महिन्याचे २४ हजार होतात, त्यातून कंपनी टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) कापते. ओळखीचा एजंट म्हणतो, ‘रिफंड काढून देतो, ३० टक्के माझे. थोड्या देणग्या दाखवू, म्हणजे जास्त निघेल.’ सीए परवडत नाही. काय करावं?
– एक आई, नंदानगर

उत्तर : आधी एजंटाला नारळ द्या. वर्षाचे झाले २ लाख ८८ हजार. त्यावर बहुधा १९४सी कलमाखाली, म्हणजे कंत्राटाचे पैसे म्हणून, १ टक्का, म्हणजे २,८८० रुपये कापले गेले असतील. २०२४-२५ साठी नव्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत करच नाही, तेव्हा ही सगळी रक्कम तशीही परत मिळते. आणि कापलेल्या करापेक्षा जास्त रिफंड कुणाचाच बाप काढू शकत नाही. देणग्या दाखवून वाढणार काहीच नाही. नोटीस आली तर ती मात्र मुलाच्या नावावर येईल. खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली आहे.

आयकर खात्याच्या पोर्टलवर रिटर्न भरायला सरकार पैसे घेत नाही. बसून भरून देणारं माणूस हवं असेल तर मंडळांत, वाचनालयांत चौकशी करा. सीएचे विद्यार्थी, निवृत्त बँकवाले ही कामं हौसेने करतात. जाताना पॅन, आधार, पासबुक आणि आधारला जोडलेलं सिम असलेला फोन न्यायचा. मुलाने स्वतः जायचं. ओटीपी त्याच्या फोनवर येणार, तुमच्या नाही.

तिथे पहिल्यांदा २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा, उघडायला सांगा. टीडीएसच्या रकमेसमोर कलम १९२ असेल तर तो पगार, मग रिटर्नचा फॉर्म आयटीआर-१. १९४सी असेल तर कायद्याच्या नजरेत मुलगा नोकर नाही, कंत्राटी धंदा करणारा आहे, आणि फॉर्म आयटीआर-४. घोळ इथेच होतो. दर महिन्याला पैसे येतात म्हणून सरसकट ‘पगार’ लिहून टाकतात, खात्याच्या नोंदीशी ते जुळत नाही आणि रिटर्न सदोष ठरल्याची नोटीस येते. आयटीआर-४ मध्ये ४४एडी या छोट्या धंद्यांच्या कलमाखाली, बँकेत आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवावा लागतो. इथे तो १७,२८० होतो. पण हा किमान आकडा आहे. पेट्रोल, टायर, गाडीची दुरुस्ती जाऊन खरोखर जास्त उरत असेल तर तेवढं दाखवा. कर तरीही शून्यच.

प्रश्न : रामबागेत आम्ही चौघं मंडळाच्या खोलीत दोन रविवार मोफत रिटर्न भरून देणार आहोत. काय सांभाळावं?
– चौघं

उत्तर : २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबर होती. गणपती २७ ऑगस्टला बसले, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघून झाल्यावर काम काढलं असतं तर हाताशी नऊच दिवस उरले असते, म्हणून दोन्ही रविवार गणपतीआधीचे धरा. एका लॅपटॉपवर तासाला दोनच माणसं घ्या.

फॉर्म भरणं सोपं असतं हो, पैसा अडतो बँक खात्यावर. पॅनवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं, असं असेल तर खात्याची पडताळणी होत नाही आणि रिफंड अडकतो. हे माणूस दारात आल्याआल्या तपासा, तासभर बसवून मग नको. देना बँकेचं जुनं पासबुक घेऊन कुणी आलं तर त्यावरचा आयएफएससी (शाखेचा कोड) वापरू नका. ती बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय असतं आणि रिफंड सुटत नाही. आधी १,००० रुपये भरून ते जोडून घ्यायला सांगा.

रिटर्न ‘सबमिट’ झालं म्हणजे काम झालं असं नाही. ३० दिवसांत ई-पडताळणी हवी, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. ती खुर्चीवरून उठण्याआधीच करून घ्या. आधारचा ओटीपी १५ मिनिटं चालतो. सिम बंद पडलेलं असेल तर नेट बँकिंगने करा, तेही नसेल तर पावती छापून सही घेऊन बेंगळुरूला स्पीड पोस्टाने पाठवा.

पासवर्ड ज्याचा त्याने टाइप करायचा. प्रोफाइलमध्ये तुमचा मोबाईल नंबर घालू नका, कितीही आग्रह झाला तरी. पुढच्या वर्षी नोटीस तुमच्या फोनवर येईल आणि त्या माणसाला पत्ताही लागणार नाही. वायदेबाजार किंवा घरविक्री निघाली तर हात जोडून सीएकडे पाठवा.

प्रश्न : आजी ७१ वर्षांच्या. २०२४-२५ मध्ये एफडीवर ६२ हजार व्याज आलं, बँकेने ६,२०० कापले. दुसरं उत्पन्न नाही. बँक परत देईल का?
– एक नात, सुदामानगर

उत्तर : नाही. पैसे सरकारजमा झाले आहेत, ते रिटर्न भरूनच मिळतील. आयटीआर-१ पुरेल. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही, त्यामुळे तेव्हापासून एवढ्याच व्याजावर कापणार नाहीत. व्याज लाखावर जाणार असेल तर एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत ‘माझा टीडीएस कापू नका’ असा ज्येष्ठांचा फॉर्म (२०२५-२६ मध्ये तो १५एच होता) द्या, दरवर्षी नवा, आणि शिक्का मारलेली पोच पासबुकात ठेवा.