नागरिकत्वाचा अर्ज आणि ‘चांगले चारित्र्य’: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (लातूर) : 2014 साली बांधाच्या भांडणातून माझ्या मुलाला तालुक्याच्या न्यायालयाने दंड केला होता. तो आता ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे. इतकी जुनी गोष्ट कळवावी का?

उत्तर : कळवावीच लागेल, कारण नागरिकत्व देताना अर्जदाराचे चारित्र्य चांगले असल्याची अट पाहिली जाते. जुन्या शिक्षा काही काळानंतर विचारात घेऊ नयेत, असे सांगणारा 1974 चा कायदा ब्रिटनमध्ये आहे. परंतु नागरिकत्वाच्या निर्णयात त्याची सवलत मिळत नाही आणि परदेशात झालेली शिक्षाही सांगावी लागते. 12 महिने किंवा त्याहून अधिक कारावास झालेल्याचा अर्ज, शिक्षा कितीही जुनी असली तरी, सर्वसाधारणपणे नाकारला जातो. केवळ दंड झाला असेल तर गुन्ह्याचे स्वरूप, मधला काळ आणि त्यानंतरचे वर्तन यांचा एकत्रित विचार होतो. लपवाछपवी मात्र महागात पडते, कारण अर्जापूर्वीच्या 10 वर्षांत फसवणूक केल्याचे आढळल्यास नकार बहुधा ठरलेलाच असतो. म्हणजे ज्या दंडाकडे कदाचित काणाडोळा झाला असता, तोच दडवल्यामुळे अर्ज बुडतो. निकालाच्या नकलेसाठी आजच अर्ज करावा आणि तिचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. जुनी फाईल अभिलेख कक्षातून बाहेर यायला किती हेलपाटे पडतात, हे आपणांस सांगायला नको. गावात जिला सरसकट ‘केस’ म्हणतात ती पुष्कळदा चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई असते. ती दोषसिद्धी नव्हे. म्हणून आधी कागद पाहावा, मगच अर्जात लिहावे.

प्रश्न (नांदेड) : भावजयीच्या 498-अ च्या (सासरी छळ झाल्याच्या) तक्रारीत अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मुलीचेही नाव नणंद म्हणून घातले गेले. पुढे औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा रद्द केला. तिचे नागरिकत्व अडेल का?

उत्तर : रद्द झालेला गुन्हा स्वतःहून आड येत नाही. अमेरिकेत सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीच्या 5 वर्षांचे, तर अमेरिकन नागरिक असलेल्या पतीसोबत राहणाऱ्या पत्नीच्या बाबतीत 3 वर्षांचे वर्तन प्रामुख्याने पाहतात. त्याआधीचेही पाहण्याची अधिकाऱ्याला मुभा आहे. अर्जात अटक किंवा दोषारोप ‘कधीही’ झाला होता का, असे विचारलेले असते, आणि प्रकरण पुढे निकाली निघाले म्हणून ‘नाही’ लिहिता येत नाही. दोषारोपपत्र दाखल झाले होते की नाही यावर उत्तराची शब्दरचना अवलंबून राहील. ती तेथील वकिलाकडून करून घ्यावी. मुलाखतीला जाताना खंडपीठाच्या आदेशाची प्रमाणित प्रत सोबत असावी.

प्रश्न (परभणी) : माझी सून परदेशी नागरिक आहे. तिला भारतीय नागरिकत्व घ्यायचे आहे. चारित्र्याची अट आपल्याकडेही आहे का?

उत्तर : आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत चांगल्या चारित्र्याची अट घातलेली आहे, परंतु ती देशीयकरणासाठी, म्हणजे परदेशी व्यक्तीने दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मिळवण्यासाठी. भारतीय नागरिकाच्या पत्नीला कलम 5 खाली नोंदणीचा मार्ग आहे. त्यासाठी अर्जापूर्वी 7 वर्षे भारतात वास्तव्य लागते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो आणि चौकशी यातही टळत नाही. दुहेरी नागरिकत्व आपला कायदा मानत नसल्यामुळे तिला मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागेल. देशीयकरणासाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञानही लागते. सुनेने पुढे तो मार्ग धरला तर तिला मराठी चालेल.