वाचकांचे प्रश्न : रायफल, साइट आणि अंतर

मुलगी आठवीत आहे. वर्षभर शाळेच्या ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) रायफलवर १० मीटर नेमबाजी केली. आता पीप साइटची (बारीक भोकातून नेम धरायची) वापरलेली रायफल मिळते आहे. घेताना काय बघावं? परवाना लागेल का?
— एक पालक, सांगली

परवान्याचं आधी. ४.५ मिमी (म्हणजे .१७७ इंच) बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण ०.५३ ग्रॅमचा पेलेट (छर्रा) सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने सोडते. म्हणजे ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा.

रायफल हातात आली की पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख वाचा. हवेच्या सिलिंडरची मुदत बनवल्यापासून १० वर्षांची धरतात, आणि स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूची असते. रायफल स्वस्त का मिळते आहे, याचं उत्तर पुष्कळदा या तारखेत असतं. मग सिलिंडर भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर सील गेलं आहे.

त्यानंतर माप. बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) पूर्ण आत घेऊनही मुलीला मान पुढे ताणावी लागत असेल किंवा ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक पोचत असेल, तर ती रायफल तिच्यासाठी नाही. नियमात कमाल वजन ५.५ किलो आहे. तेराव्या वर्षी तेवढं उचलायची काही गरज नाही. जोडवजनं काढून द्या, ताकद वाढेल तशी एकेक लावता येतात. चीक पीस इतका वर हवा की गाल टेकवून डोळे मिटले आणि उघडले की डोळा आपोआप पीपच्या मध्यावर यावा. डोळा शोधत फिरत असेल तर साइट कितीही महागडी असो, ग्रुप फुटणारच, म्हणजे शॉट विखुरणारच.

१० मीटरवरून ५० मीटरच्या .२२ बोअर रायफलकडे वळतो आहे. क्लबच्या रायफलच्या फ्रंट साइटमध्ये माझीच ४.० मिमीची रिंग टाकली, तर बुलभोवती (टार्गेटच्या काळ्या भागाभोवती) खूप पांढरं दिसतं आणि शॉट वर-खाली जातात. रिंग कोणती घ्यावी?
— एक खेळाडू, कोल्हापूर

तुमच्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ मिळवल्यापासून हा प्रश्न बराच येतो आहे.

१० मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमीचा, ५० मीटरचा ११२.४ मिमीचा. अंतर पाचपट झालं, पण काळा पावणेचार पटच वाढला. त्यामुळे डोळ्याला तो आधीच्या जेमतेम पाऊणपट दिसतो. हिशेब सोपा आहे : काळ्याचा व्यास भागिले टार्गेटचं अंतर, गुणिले डोळ्यापासून फ्रंट साइटचं अंतर. एअर रायफलवर डोळा ते फ्रंट साइट ८५ सेंमी धरलं, तर फ्रंट साइटच्या जागी काळा २.६ मिमी दिसतो. त्याच्या दीडपट घेतलं की ३.९ ची रिंग येते. .२२ वर हेच अंतर साधारण १ मीटर असतं. तिथे काळा २.२५ मिमी, म्हणून रिंग ३.४ च्या जवळपास. ३.२ ते ३.८ मधल्या रिंगा घेऊन बसा. प्रोनमध्ये (पालथं पडून) हात स्थिर असतो, तिथे लहान चालते. स्टँडिंगमध्ये एक-दोन नंबर मोठी. फार घट्ट रिंग घेतली की काळा कडेला चिकटल्यासारखा दिसतो, नेमबाज घाबरून ट्रिगर ओढतो. फार मोठी घेतली की मध्य कुठला तेच कळत नाही. तुमचं नेमकं हेच होतं आहे.

साइटच्या स्क्रूच्या क्लिकचंही तसंच. त्याच साइटचा एक क्लिक ५० मीटरवर जवळपास पाचपट सरकतो. पुस्तिकेवर विसंबू नका : पाच शॉट मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजून दहाने भागा. जर्मन साइटवर अक्षरांचा अर्थ नवख्याला उलटा लागतो. शॉट वर गेला तर एच कडे, उजवीकडे गेला तर आर कडे फिरवायचं असतं. गोळी न्यायची ती दिशा तिथे लिहिलेली नसते.

आणि रायफलचा कल, म्हणजे ती बाजूला किती झुकली आहे ते. १० मीटरवर पेलेट दीड-पावणेदोन सेंटीमीटर पडतो, ५० मीटरवर .२२ ची गोळी बारा सेंटीमीटरच्या वर. रायफल झीरो करताना (नेम आणि शॉट जुळवताना) होती त्यापेक्षा १० अंश जास्त कलली, तर १० मीटरवर शॉट ३ मिमी, म्हणजे टार्गेटवरच्या एका रिंगएवढा बाजूला जाईल. ५० मीटरवर तो २ सेंमीहून जास्त जातो आणि अडीच रिंगा गेल्या. कललेली रायफल चालते, दर शॉटला वेगळी कललेली चालत नाही.

गोळी सबसॉनिकच घ्या, सेकंदाला ३२०-३३० मीटरची. ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात निघालेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळते. शिवाय एकच बॅच सगळ्या बॅरलना मानवत नाही. दोन-तीन बॅच प्रत्येकी २० शॉट मारून बघा, मगच पेटी उचला.

हीच .२२ घेऊन ३०० मीटर मारता येईल का?
— पुणे

नाही. ३०० मीटरला ८ मिमीपर्यंतची सेंटरफायर (जास्त ताकदीच्या काडतुसाची) रायफल लागते; .२२ ची गोळी तिथे पोचेपर्यंत कित्येक मीटर पडलेली असते. गंमत म्हणजे साइट फारशी बदलत नाही. काळा ६०० मिमीचा, म्हणजे डोळ्याला ५० मीटरपेक्षा किंचितच लहान.

वय ४८. चष्म्याने टार्गेट स्पष्ट दिसतं, पण फ्रंट रिंग पुसट. टेलिस्कोप लावू?
— ठाणे

या स्पर्धांत टेलिस्कोप चालत नाही. रिंग स्पष्ट आणि काळा किंचित धूसर, असंच दिसायला हवं. डॉक्टरांकडून दूरच्या नंबरात +०.५० मिळवून नेमबाजीच्या फ्रेमसाठी एकच काच करून घ्या. काच नजरेच्या रेषेला काटकोनात बसवा; रोजच्या चष्म्याच्या कोपऱ्यातून बघितलं की प्रतिमा सरकते. बायफोकल नकोच. मागची आयरिस (मागच्या साइटचं लहान-मोठं करता येणारं भोक) १.० ते १.२ मिमीवर ठेवा, उन्हात थोडी लहान करा.

स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप बसवला, महिन्यात आतली क्रॉसरेषा तुटली. दुसरं, २५ मीटरवर झीरो केलं तर १० आणि ४० ला किती फरक पडेल?
— नाशिक

स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. बंदुकीसाठी बनलेल्या स्कोपच्या काचा पुढच्या झटक्यासाठी धरलेल्या नसतात. एअरगनसाठी म्हणून विकला जाणारा, १० मीटरपर्यंत फोकस खाली येणारा स्कोप घ्या आणि माउंटमागे स्टॉप लावा, नाहीतर सगळाच मागे घसरतो.

स्कोप बॅरलपेक्षा साडेचार सेंमी वर आणि पेलेटचा वेग सेकंदाला १८० मीटरच्या आसपास असेल, तर २५ ला झीरो केलेली रायफल १० लाही जवळपास तिथेच मारते. १७ मीटरवर सेंटीमीटरभर वर, ५ मीटरवर दोनेक सेंमी खाली, आणि ४० वर सुमारे दहा सेंमी खाली. कागदावर मारून स्वतःचा तक्ता करा. मारायचं ते कागदावर किंवा डब्यावर, मागे मातीचा बांध ठेवून. पक्ष्यांवर मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.